आधी लेस सोडा

पळता पळता पाय हरवतो. दुखत नाही, मुरगळत नाही. फक्त जमिनीची खबर वर येईनाशी होते. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या, मग चवड्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवल्यासारखं काहीतरी जाडंभरडं, आणि पुढे पुढे तर पाऊल टेकल्याचं गुडघ्याला कळतं, तळव्याला कळत नाही. दोन मिनिटं चाललं की सगळं पूर्ववत. म्हणूनच दुखापतींच्या यादीत याला कुणी धरत नाही. रविवारच्या लाँग रननंतर चहाच्या टपरीवर विषय निघालाच, तर सल्ले ठरलेले: रक्ताभिसरण कमी पडतंय, बी-१२ तपासून घे, जाड सोलचे बूट घे. तिन्ही सल्ले कधी ना कधी खरे ठरतात. पण त्यांच्याआधी करायची एक फुकटची गोष्ट आहे आणि नेमकी तीच राहून जाते. थांबायचं, लेस सोडायची, बुटातल्या बुटात बोटं दहा-वीस वेळा हलवायची, आधीपेक्षा सैल बांधायची आणि पुन्हा पळायचं. पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत पाऊल जागं राहिलं, तर अर्धं निदान तिथेच झालं.

रक्ताचा मुद्दा आधी मिटवून टाकू. धडधाकट माणूस पळतो तेव्हा त्याच्या पायांकडे जाणारं रक्त कमी होत नाही, कैक पटींनी वाढतं. ज्यांच्या पायांच्या धमन्या खरोखर अरुंद झालेल्या असतात, त्यांची तक्रार वेगळी असते: ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की जातो. पळणाऱ्याच्या बधिर पावलात बहुतेक वेळा दबलेला असतो तो मज्जातंतू. त्यालाही पोसणाऱ्या स्वतःच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. बाहेरून दाब आला की त्या मिटतात आणि मज्जातंतूचं काम मंदावतं. दाब सुटला की तो पुन्हा कामाला लागतो, पण सुरुवातीला वेडेवाकडे संदेश पाठवत. त्या मुंग्या. लेस सोडल्यावर मुंग्यांचा जोर क्षणभर वाढला, तर घाबरायचं कारण नाही. पाय शुद्धीवर येतोय.

मज्जातंतूंची एक गोष्ट फार सोयीची आहे. प्रत्येकाचा इलाका ठरलेला असतो, त्यामुळे बधिरपणा कुठे आहे यावरून दाब कुठे पडतोय याचा माग काढता येतो. पावलाची वरची बाजू आणि बोटांचे वरचे भाग सुन्न होत असतील, तर संशय लेस आणि बुटाच्या जिभेवर. फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी बधिर होत असेल, तर डीप पेरोनिअल हा मज्जातंतू दबतोय, एकतर घोट्याच्या पुढे, जिथे लेसची गाठ बसते तिथे, किंवा वर नडगीच्या स्नायूंमध्ये. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे झिणझिण्या म्हणजे चवड्याची हाडं आवळली जाताहेत. तळवा आणि टाचेची आतली बाजू म्हणजे घोट्याच्या आतल्या हाडामागचा टार्सल टनेल, ज्यातून टिबिअल मज्जातंतू तळव्यात उतरतो. करंगळीकडची कड आणि तळव्याची बाहेरची बाजू असेल, तर कमरेपर्यंत चौकशी करावी लागते. म्हणून 'माझा पाय बधिर होतो' एवढं सांगून भागत नाही. घरी आल्याबरोबर मोजा काढून, बधिरपणा ओसरण्याआधी, त्याची कड बॉलपेनने पावलावरच आखावी, फोटो काढावा आणि खाली तीन गोष्टी लिहाव्यात: कितव्या किलोमीटरला सुरू झालं, कोणते बूट होते, थांबल्यावर किती मिनिटांत गेलं. अशा तीन-चार फोटोंमधून जे कळतं ते कुठल्याही महागड्या घड्याळातून कळत नाही.

आता लेस. पहाटे पाचला घरातून निघताना बांधलेली लेस आठ वाजता तीच राहत नाही. लेस तेवढीच असते, पाऊल वाढलेलं असतं. लांब पळताना पाऊल सुजतं, आणि मुंबई-कोकणासारख्या दमट, उष्ण हवेत ते जास्त जाणवतं. सुरुवातीला 'घट्ट, मस्त' वाटलेला बूट तासाभराने आवळायला लागतो तो यामुळे. पायाच्या वरच्या बाजूला चरबीची गादी अशी जवळपास नसतेच. कातडी, तिच्याखाली मज्जातंतू आणि लगेच हाड. लेसची प्रत्येक आडवी ओळ त्या मज्जातंतूला हाडावर दाबत असते. ज्यांच्या पावलाची कमान उंच, त्यांचा पायाचा उंचवटाही वर आलेला, त्यामुळे त्यांना हा त्रास अधिक. जीभ एका बाजूला सरकली किंवा तिची शिवण दुमडली तरी तेच. आणि हौसेने लेसमध्ये अडकवलेली घराची किल्ली बरोबर त्याच जागी टोचते हे वेगळं सांगायला नको.

बांधायची पद्धत अशी. बसून पाय बुटात घालायचा, टाच जमिनीवर आपटून मागे पक्की बसवायची, मग खालून वर प्रत्येक ओळ वेगळी ओढत यायचं. सगळी ओढ शेवटच्या दोन छिद्रांवर द्यायची सवय असते, तिनेच घात होतो. बोटांजवळच्या दोन-तीन ओळी सैल, मधल्या अंगाबरोबर, वरच्या जराशा आवळून. उभं राहिल्यावर गाठीखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे.

एवढ्याने भागलं नाही, तर दुखऱ्या जागेवरची फुली काढून टाकायची. जिथे दाब पडतो त्याच्या खालच्या छिद्रांपर्यंत लेस उसवायची, तिथे एकदा फुली न घालता दोन्ही टोकं आपापल्या बाजूनेच सरळ वरच्या छिद्रात न्यायची आणि मग पुन्हा नेहमीसारखं ओवत जायचं. मधे एक मोकळी खिडकी तयार होते आणि मज्जातंतूवरचं ओझं जातं. पण खिडकी केली की टाच ढिली वाटते, आणि तिथे बुटाच्या अगदी वरचं ते जादा छिद्र कामाला येतं. पुष्कळांना ते शोभेचं वाटतं. लेस त्यात त्याच बाजूने घालून दोन्हीकडे छोटे फासे करायचे, उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं उजव्यातून काढायचं, आणि ओढताना वर न ओढता खाली, टाचेच्या दिशेने ओढायचं. टाच जागेवर बसते आणि पायाच्या वरच्या भागावर दाब न देता बूट धरून राहतो. हे फासे जोरात वर ओढून गच्च केले, तर मात्र घोट्यासमोरचा तोच मज्जातंतू दबतो आणि दोष पद्धतीला दिला जातो.

लेस सैल करूनही बोटं बधिर होत असतील, तर प्रश्न रुंदीचा आहे. इथे आपल्याकडची एक अडचण लक्षात घ्यायला हवी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली, त्यात भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद असल्याचं दिसलं. दक्षिण भारतात अनवाणी वावरणाऱ्यांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही त्यांची पावलं बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली होती. लहानपण चपलांत किंवा अनवाणी गेलेलं पाऊल चाळिशीत एकदम निमुळत्या रनिंग शूजमध्ये जातं, तेव्हा ते तक्रार करणारच. बुटांची रुंदी अक्षरांनी सांगतात: पुरुषांची नेहमीची 'डी', बायकांची 'बी', पुरुषांत रुंद 'टू-ई', त्याहून रुंद 'फोर-ई'. आपल्या दुकानांत बहुतेक वेळा नेहमीचीच रुंदी ठेवलेली असते. मग माणूस काय करतो? रुंदी मिळत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतो. यूके मापात एक नंबर म्हणजे लांबीत सुमारे साडेआठ मिलिमीटर. लांबी वाढली, रुंदी थोडीशीच वाढली. पाऊल पुढे सरकायला लागलं. ते सरकू नये म्हणून लेस आवळली. आणि चवड्याला होणारा त्रास आता पायाच्या वरच्या बाजूलाही सुरू झाला. एका चुकीतून दुसरी चूक कशी जन्मते याचं याहून चांगलं उदाहरण पळण्याच्या जगात सापडणार नाही.

बूट घ्यायला संध्याकाळी जावं, पळायचेच मोजे घालून जावं, आणि दोन्ही पावलं उभ्याने मोजावीत, कारण दोन पावलं क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाचं माप धरायचं. सर्वांत लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी. आणि सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं. रुंदीची परीक्षा आणखी सोपी आहे. बुटातला सुटा इनसोल, म्हणजे आतली गादी, बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं. पावलाची कड इनसोलच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही मऊ असो, परत द्यायचा. विक्रेता 'वापरल्यावर सैल पडेल' म्हणतो. वरची जाळी थोडी सैल पडेलही, खालचा सोल रुंद होत नाही. पाऊल रुंद असलेल्या बायकांनी त्याच बुटाचं पुरुषांचं मॉडेल सेंटिमीटरचा तक्ता पाहून घालून बघावं, बऱ्याचदा प्रश्न तिथेच सुटतो.

जाड इनसोल हा आणखी एक लोकप्रिय उपाय, आणि बधिर पायासाठी बहुधा उलटा. बुटाच्या आतली जागा ठरलेली असते. खालून चार मिलिमीटर भरली की पाऊल तेवढंच वर जाऊन लेसखाली चेपलं जातं. नवा इनसोल घालायचाच, तर जुना काढूनच. कमानीला आधार देणारे कडक इनसोल तर विचार करूनच वापरावेत. तळव्याच्या आतल्या बाजूने जाणारा मज्जातंतू त्या कडक उंचवट्यावर दर पावलाला आपटला, तर कमानीपासून अंगठ्यापर्यंत बधिरपणा येतो. १९७८ पासून वैद्यकीय साहित्यात याला 'जॉगर्स फूट' हेच नाव आहे. नव्या इनसोलनंतर पंधरवड्यात त्रास सुरू झाला असेल, तर आणखी कारण शोधत बसू नये.

तिसऱ्या-चौथ्या बोटांचा त्रास मात्र हट्टी असतो. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं: मॉर्टन्स न्यूरोमा. चवड्याच्या हाडांना आडवा बांधणारा एक बंध असतो, त्याच्याखालून बोटांकडे जाणारा मज्जातंतू पुन्हा पुन्हा दबून त्याच्याभोवती जाड तंतुमय थर साचतो. न्यूरोमा म्हटलं की लोक धास्तावतात, पण ही कर्करोगाची गाठ नव्हे. मोज्याची घडी पायाखाली आल्यासारखं वाटतं, बूट काढून पाहावं तर काही नाही. चवडा दोन्ही बाजूंनी हाताने दाबला की कळ येते, कधी आत टक्कन आवाजही होतो. रुंद पुढा असलेला बूट हा पहिला इलाज. दुसरा म्हणजे थेंबाच्या आकाराचं मेटाटार्सल पॅड, म्हणजे इनसोलवर चिकटवायची छोटी गादी, आणि ते नव्वद टक्के लोक नक्की चुकीच्या जागी लावतात असं म्हणण्याचा मोह होतो. दुखतं तिथेच ते लावलं की दाब वाढतो. दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका द्यायचा, इनसोलवर पाऊल ठेवून तो उमटवायचा आणि पॅडची पुढची कड त्या ठिपक्याच्या मागे, टाचेकडे ठेवायची. मग पॅड हाडांना मागून उचलून एकमेकांपासून दूर करतं. सहा-आठ आठवडे हे करूनही फरक नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं.

पळण्याची ढब हा यातला लांबलचक विषय, पण बधिरपणापुरतं दोनच गोष्टी पाहाव्यात. एक, पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय का. तसं पडलं की प्रत्येक वेळी ब्रेक लागतो, पाऊल बुटात पुढे घसरतं आणि बोटं टोकावर आदळतात. अर्धा मिनिट फक्त उजवी पावलं मोजा आणि चारने गुणा. ३९ आली तर मिनिटाला १५६ पावलं. ही संख्या एकदम १८० करायच्या फंदात पडू नये. पाच टक्के, म्हणजे १६४ पर्यंत, मोबाइलवरच्या मेट्रोनोमच्या ठेक्यावर आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. पाऊल आपोआप शरीराखाली येतं. दोन, बोटांनी बुटाचा तळ पकडून धरण्याची सवय. ती ट्रेडमिलवर फार दिसते, कारण पट्टा निसटेल अशी आतून भीती असते. शिवाय ट्रेडमिलवर ना वळण, ना खड्डा, ना चढ. हजारो पावलं एकाच ठशावर पडतात. दर पाच मिनिटांनी चढ एक-दोन टक्क्यांनी आणि वेग किंचित बदलला, तर तेवढ्यानेही फरक पडतो. रस्त्यावर पळताना कायम एकाच कडेने पळू नये, कारण डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि एकच पाऊल रोज आत कलतं.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये या सगळ्याची एकदम परीक्षा होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच घाटाने खाली उतरायचं. चढताना भार चवड्यावर, पोटऱ्या ताठ; उतरताना पाऊल पुढे घसरणार. चढाला योग्य वाटलेली लेस उताराला सैल वाटते, मग लोक वळणावर वाकून ती गच्च करतात आणि शेवटचे पाच किलोमीटर बधिर पायाने उतरतात. वरच्या जादा छिद्राचे फासे सुरुवातीलाच घातले असतील, तर मधे हात लावावा लागत नाही. पावसात भिजलेला सुती मोजा गोळा होऊन बोटांखाली जमतो, म्हणून सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित पातळ मोजेच बरे. आणि चढाच्या सरावासाठी पोटरीचं स्ट्रेचिंग दोन प्रकारे हवं: गुडघा सरळ ठेवून एकदा, वाकवून एकदा, प्रत्येकी अर्धा मिनिट, दोन-तीन वेळा. वाकवून करायचं सगळे विसरतात, आणि खालचा सोलिअस स्नायू तसाच आखडलेला राहतो.

बुटाशी अजिबात संबंध नसलेली कारणंही आहेत. ती कमी आढळतात, पण त्यांच्याकडे डोळेझाक करून चालत नाही. बधिरपणा दर वेळी जवळपास त्याच मिनिटाला सुरू होतो, सोबत नडगी दगडासारखी घट्ट होते, पाऊल जमिनीवर फटफट आपटायला लागतं आणि थांबल्यावर पंधरा-तीस मिनिटांत सगळं ओसरतं, असं असेल तर तो कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतो. पळताना फुगलेल्या स्नायूला त्याच्याभोवतीचं न ताणणारं वेष्टन पुरत नाही आणि आतला मज्जातंतू चेपतो. पळण्याआधी आणि नंतर सुईने आतला दाब मोजून याचं निदान होतं. थांबल्यावरही दुखणं वाढतच गेलं आणि पाऊल वर उचलता येईना, तर मात्र त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो गोल उंचवटा लागतो, त्याच्या जरा खाली पेरोनिअल मज्जातंतू हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जातो. गुडघ्याचा घट्ट पट्टा, पोटरीवर चढवायचे लहान मापाचे काफ स्लीव्ह, किंवा पळून झाल्यावर बराच वेळ उकिडवं बसणं यांनी तो दबतो. दोष पायमोज्याला आणि बुटाला जातो. कमरेतून निघालेली कळ मांडीमागून खाली येत असेल, खोकताना-शिंकताना वाढत असेल, तर बूट बदलून काही होणार नाही. आणि कमरेच्या दुखण्याबरोबर जांघेच्या आतल्या, बसायच्या जागीच बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर ती तातडीची अवस्था असते.

राहिला तो बी-१२चा सल्ला. तो योग्य कधी? बधिरपणा दोन्ही पायांत सारखा, बोटांपासून सुरू होऊन वर सरकणारा, आणि पळत नसतानाही, विशेषतः रात्री अंथरुणात जाणवणारा असेल तेव्हा. पूर्ण शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ खरोखर कमी होतं. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), बी-१२ आणि थायरॉइड या चार तपासण्यांनी बरंच कळतं. आज पळायला लागणाऱ्यांत मधुमेहाच्या निदानानंतर डॉक्टरांनी 'चाला, पळा' सांगितलेली पन्नाशीची मंडळी पुष्कळ असतात, आणि काळजी खरी त्यांचीच आहे. तरुणाला बधिर पाय हा अडथळा. त्यांना तो धोका, कारण फोड आलेला, खडा रुतलेला कळतच नाही. त्यांनी हौसेखातर अनवाणी पळू नये, बूट घालण्याआधी उलटा करून झटकावा, आणि पळून आल्यावर तळवे आरशात पाहावेत. मधुमेहाच्या तपासणीत नायलॉनचा एक १० ग्रॅमचा धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात. ती चाचणी वर्षातून एकदा मागून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना पावलाचे ते फोटो न्यावेत, आणि पळायचे बूटही पिशवीत टाकावेत. न धुता. तळ कुठे झिजलाय, इनसोलवर बोटांचे ठसे कुठे उमटलेत आणि लेस कशी ओवली आहे, हे तपासणाऱ्याला डोळ्यांनी पाहायचं असतं.